लोखंडाचा विटाळ

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली म्हणजे त्यांत ताक ठेवूं नये, हें महाराष्ट्रांतील जुन्या गृहिणीस कोणी शिकवावें लागत नसे. थोड्याच वेळांत ताकाला हिरवट छटा येते, चव पालटते, आणि “ताक कळकलें” म्हणून तें ओतून द्यावें लागतें. लोणचें चिनी मातीच्या बरणींत, दहीं दगडींत, वैद्याची मात्रा कठीण दगडाच्या खलांत, ही जी व्यवस्था आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्या मुळाशीं एकच साधें निरीक्षण आहे. भांडें पदार्थाला केवळ धरून ठेवीत नाहीं. तें आपला थोडासा अंशही त्यास देतें. हत्यारांची गोष्ट याहून निराळी नाहीं. लोखंडी विळीनें चिरलेल्या केळफुलाला काळा डाग चढतो, तो त्या विळीचाच असतो.

भांडें किंवा हत्यार आपल्या मागें काय ठेवून जातें, हा प्रश्न स्वयंपाकघरांतून उठून कारखान्यांत गेला, म्हणजे त्याचें रूप गंभीर होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं दक्षिण महाराष्ट्रांत हा प्रश्न पंधरा वर्षांच्या आंत दोनदां विचारला गेला. पहिल्यानें तो शेतकऱ्यानें नांगराविषयीं विचारला. दुसऱ्यानें तो कांच करणारांनीं वाळूविषयीं विचारला. दोन्ही ठिकाणीं आरोपी एकच होता, तो म्हणजे लोखंड. आणि नवल असें कीं, एका ठिकाणीं आरोप साफ खोटा निघाला, तर दुसऱ्या ठिकाणीं तो पुरता खरा ठरला. आजच्या सांगली व सातारा या दोन जिल्ह्यांतील दोन प्रसिद्ध वाड्यांचा इतिहास या दोन निकालांशीं जोडलेला आहे.

पहिली कथा नांगराची. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगांवीं आले, सायकलींच्या धंद्यांत शिरले, आणि पुढें शेतीचीं अवजारें करण्याकडे वळले. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर त्यांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. परंतु तो कोणी घेईना. लोखंड जमिनीला विषासारखें बाधतें, लोखंडी नांगर फिरला कीं जमीन नासते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. पहिला नांगर विकण्यास लक्ष्मणरावांना दोन वर्षें वाट पाहावी लागली.

शेतकऱ्याची ही शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ज्याच्या घरीं पितळेंत ताक कळकतें, त्यानें लोखंडानें माती कळकेल असें मानलें, तर त्यांत त्याची बुद्धि चालली नाहीं असें कोण म्हणेल? प्रश्न त्यानें बरोबर विचारला होता. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. किती लोखंड, आणि कशांत, हें त्यानें मोजलें नाहीं. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच थराचें वजन सुमारें नऊशें टन भरतें. आपली दख्खनची माती काळ्या पाषाणापासून झालेली, आणि त्या पाषाणांत लोखंड विपुल. तेव्हां मातींत शेंकडा पांच भागच लोखंड धरलें, तरी त्या एका एकरांत पंचेचाळीस टन लोखंड निसर्गानें आधींच घालून ठेविलेलें आहे. नांगराचा फाळ वर्षाकाठीं शेर-दोन शेर झिजला, तरी तो समुद्रांत टाकलेल्या मिठाच्या चिमटीप्रमाणें होय. शिवाय ज्या लांकडी नांगराचा शेतकरी अभिमान बाळगीत होता, त्याच्या टोंकालाही लोखंडाचाच फाळ होता, ही गोष्ट त्या वादांत सर्वांच्या नजरेंतून निसटली. वाद तर्कानें मिटला नाहीं. तो पिकानें मिटला. खोल नांगरट झालेल्या शेताचें पीक शेजाऱ्यानें पाहिलें, आणि विषाची गोष्ट हळूहळू मागें पडली.

पुढें बेळगांवची जागा सोडण्याची पाळी लक्ष्मणरावांवर आली. त्या वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना आपल्या संस्थानांत बोलावून कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली, आणि १९१० सालीं त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध संस्थानाचा मुलूख तुटक तुटक होता. हा तुकडा आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांत मोडतो. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. म्हणून या कथेंतील दोन्ही वाड्या आज दोन जिल्ह्यांत दिसल्या, तरी आपल्या जन्मकाळीं त्या एकाच राजाच्या छत्राखालीं होत्या.

किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेंत वाळू ही लोखंडाची दाई होती. नांगराच्या भागाचा आकार वाळूंत उठवावयाचा, व त्या पोकळींत बिडाचा रस ओतावयाचा, ही ओतकामाची रीति. वाळू नीट चेपलेली नसली, तर रसाच्या धारेनें तिचे कण सुटतात आणि रसांत मिसळून आंतच थिजतात. वरून वस्तु अखंड दिसते. पण यंत्रावर तिला कापूं लागतांच तो कण हत्याराची धार बोथट करतो, किंवा चालत्या नांगराचा भाग त्याच ठिकाणीं दुभंगतो. अर्थात् ओतशाळेंत वाळू हाच लोखंडाचा विटाळ होय. साचा झाडून घेणें, रसावरील मळी काढून टाकणें, धार संथ सोडणें, या तेथील साऱ्या शिस्तीचा हेतु वाळूला तिच्या मर्यादेंत ठेवण्याचा असतो.

त्याच लोहमार्गानें साताऱ्याच्या दिशेनें थोडीं स्टेशनें पुढें गेलें, कीं नेमकी उलट स्थिति आढळते. कऱ्हाड स्टेशनाच्या परिसरांत १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कांचेचा कारखाना काढला, आणि त्या जागेस ओगलेवाडी हें नांव पडलें. येथेंही औंधच्या पंतप्रतिनिधींचाच आश्रय होता. परंतु येथें वाळू ही धनीण, आणि लोखंड हा चोर! कांच म्हणजे वाळू, सोडा व चुना यांचा सुमारें चौदाशें ते पंधराशें अंश उष्णतेंत झालेला रस. त्या रसांत लोखंड शिरलें, कीं कांच हिरवी झालीच.

ओगलेवाडीचें महत्त्व समजण्यास तिच्या आधींचीं वर्षें आठवावीं लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून हिंदुस्थानांत नव्या पद्धतीचे कांचेचे अनेक कारखाने निघाले, आणि बहुतेक बुडाले. कोणी जळणाला जवळ म्हणून जागा निवडली, तर वाळू लांब राहिली. कोणी परदेशी कारागीर आणले, तर ते विद्या कोणास न देतां परत गेले. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर एक एक पैसा मागून उभारलेल्या व लोकमान्य टिळकांनीं पाठबळ दिलेल्या पैसाफंडानें १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना काढला, तो ही विद्या शिकविण्यासाठींच. परदेशीं ती शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे पहिले चालक होते. तेथें तयार झालेले कारागीर पुढें देशभर पसरले. १९१४ सालीं युरोपांत युद्ध पेटलें. जर्मनी व ऑस्ट्रियाचा माल यावयाचा थांबला. आणि देशी कांचेला संधि मिळाली. ओगलेवाडी ही त्या संधीचें अपत्य होय. तथापि युद्ध केव्हां तरी संपणार होतें, व परदेशी स्वच्छ कांच पुन्हा बाजारांत येणार होती. तेव्हां गिऱ्हाईक दोन कांचा उजेडाकडे धरून पाहणार, आणि जी हिरवट दिसेल ती खालीं ठेवणार, हेंही उघड होतें. स्वदेशीच्या व्याख्यानांनीं एक कंदील खपेल; दुसरा खपण्यास कांच पांढरीच हवी.

आतां लोखंडाचें प्रमाण पाहावें. घरगुती पांढऱ्या कांचेच्या वाळूंत लोखंडाचें भस्म शेंकडा ०.०३ याहून अधिक असूं नये, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे दहा हजार भागांत तीन भाग. एक टन वाळूंत हें प्रमाण तीनशें ग्रॅम होतें. चांगल्या वाळूंत यांतील बराचसा वांटा निसर्गतःच भरलेला असतो. तेव्हां टनभर वाळू चाळतां, दळतां व हलवितां मूठभर खिळ्यांइतकें लोखंड झिजून तिच्यांत पडलें, तरी सगळा घाणा हिरवा होतो. जें लोखंड शेतांत पंचेचाळीस टन असूनही निरुपद्रवी, तेंच येथें मुठीच्या मापानें घातक! विष हें पदार्थांत नसतें, प्रमाणांत असतें, असें वैद्य सांगतात, त्याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

हें लोखंड कांचेंत कोणत्या वाटांनीं शिरतें? पहिली वाट वाळूचीच. कृष्णा-कोयनांच्या कांठची वाळू काळ्या पाषाणाची, ती कांचेस निरुपयोगी. त्यासाठीं पांढऱ्या गारेची वाळू हवी. अलाहाबादकडील लोहगरा व बारगड येथील वाळू या धंद्यांत प्रसिद्धीस आली, आणि महाराष्ट्रांत सिंधुदुर्गांतील कासार्डे गांव आज अशाच वाळूबद्दल ओळखलें जातें. अशी वाळूही धुवावी लागते, कारण कणांवर तांबड्या मातीचा लेप असतो, व तो लेप म्हणजे लोखंडच.

दुसरी वाट हत्यारांची, आणि तीच अधिक फसवी. कारण येथें माल शुद्ध असतो व शुद्ध करणाराच त्याला बाटवितो. गारा लोखंडी जात्यांत भरडल्या, तर गार कठीण असल्यामुळें जातेंच झिजतें आणि त्याचा कीस पिठांत मिसळतो. म्हणून कांच, चिनी माती व मिना यांच्या धंद्यांत दळण्यासाठीं दगडी चाकें, किंवा आंतून चिनी मातीचें अस्तर लावून गारगोट्या भरलेलीं फिरतीं पिंपें वापरण्याची पद्धत पडली. लोखंडाशिवाय भागतच नसे तेथें पिठावरून चुंबक फिरवीत. चुंबकास शुद्ध लोखंडाचा कीस चिकटतो. गंज मात्र बहुतांशीं मागें राहतो. यासाठीं वाळूचें कोठार कोरडें असावें, आणि गंजलेलें फावडें तेथें शिरूं नये, ही साधी दक्षता चुंबकाहून मोलाची.

तिसरी वाट फुंकरीची. कारागीर ज्या नळीनें कांच फुंकतो, ती लोखंडाची. ती वारंवार तापून तिच्यावर खपल्या धरतात, व त्यांतली एखादी रसांत गळते. म्हणून नळीचें तोंड स्वच्छ ठेवणें हा शिकाऊ मुलाचा पहिला धडा. वस्तु कापून घेतल्यावर नळीला जो कांचेचा गठ्ठा चिकटून राहतो, त्यांत या खपल्या असतात. तो पांढऱ्या फुटक्या कांचेंत टाकावयाचा नाहीं, त्याची टोपली वेगळी. आकार देण्याचा लांकडी ठोकळा पाण्यांत भिजलेला असतो, आणि तप्त कांचेच्या स्पर्शानें उठलेली वाफ दोहोंमध्यें पडदा धरते. कंदिलाची कांच ज्या बिडाच्या साच्यांत फुगवितात, त्याला आंतून तेल व कोळशाची पूड यांचा लेप देऊन तो ओला करतात; तेथेंही वाफेचा तोच पडदा. कांच साच्याचा आकार घेते, पण साच्याला शिवत नाहीं. सोंवळ्यांतली आजीबाई लांबून पाणी वाढी, त्याचीच ही तऱ्हा म्हणावयाची!

चौथी वाट कुंडीची. ज्या मातीच्या कुंडींत कांच वितळते, त्या कुंडीलाही ती कांच खात असते. कुंडीचा कण सुटून रसांत पडला व विरघळला नाहीं, तर कांचेंत खडा राहतो. कांच व खडा थंड होतांना सारखे आकसत नाहींत. त्यामुळें त्या ठिकाणीं ताण साठून राहतो. अशी कांच दुकानांत चांगली दिसते, पण एके रात्रीं कंदील तापला असतां कोणीं न शिवतां तडकते. हा कण रोखण्यासाठीं नव्या कुंडींत प्रथम नुसती फुटकी कांच वितळवून तिच्या अंगाला आंतून झिलई आणतात, आणि मगच खरा घाणा भरतात. जुनी कुंडी दळून नव्या मातींत घालावयाची झाली, तर तिच्या अंगावरील कांचेचा पापुद्रा आधीं सोलून टाकतात.

एवढें करूनही जो हिरवेपणा उरे, त्यावर युरोपांतील कांचवाल्यांचा एक जुना उपाय होता. मँगेनीजचें भस्म थोडेंसें रसांत टाकावयाचें. त्यानें लोखंडाचा गडद निळसर हिरवा रंग फिकट पिवळा होतो, आणि मँगेनीजची स्वतःची जांभळी छटा उरलेल्या रंगाला मारून टाकते. या भस्माला ते “कांचवाल्याचा साबण” म्हणत. परंतु हा साबण मळ धूत नाहीं. मळावर दुसरा मळ घालून तो नजरेआड करतो. त्यांतला प्रकाशही थोडा कमी होतो. आणि अशी कांच वर्षानुवर्षें उन्हांत राहिली, तर ती आपोआप जांभळी पडते. झांकलेला दोष सूर्य उघडा करतो. पुढें मँगेनीजऐवजीं सेलेनियम व कोबाल्ट आले, तरी तत्त्व तेंच राहिलें. डाग लपविण्यापेक्षां डाग न पडूं देणें स्वस्त, ही गोष्ट प्रत्येक कारखान्यास केव्हां ना केव्हां स्वखर्चानें शिकावी लागते.

ओगलेवाडीचा “प्रभाकर” कंदील महाराष्ट्राच्या खेडोपाडीं पोहोंचला. ओगले बंधूंच्या वडिलांचें नांव त्यानें घराघरांत नेलें. वीज न पोहोंचलेल्या घरांत रात्रीं मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची शुश्रूषा, गोठ्यांतली फेरी, सारें त्या कांचेच्या आड जळणाऱ्या ज्योतीवर चाले. पावसाळी रात्रीं ती कांच तडकली, तर घर अंधारांत पडे, आणि दुसऱ्या दिवशीं देशी मालाची अब्रूही त्याच अंधारांत जाई. एका कणाला भट्टीजवळ अडविण्यांत काय अर्थ होता, तो असा घराच्या ओसरीवर कळे. विजेच्या युगांत कंदील मागें पडला, तो कारखानाही काळाच्या ओघांत बंद पडला. वाडीचें नांव मात्र राहिलें आहे.

तो नियम मात्र जुना झालेला नाहीं. कांच व चिनी माती यांच्याच कुळांतले, पण फार पुढें गेलेले असे कांहीं पदार्थ आज तयार होतात. सिलिकॉन कार्बाइडसारख्या तापसह पदार्थांत त्याच जातीचे बारीक तंतु गुंफून ते बनवितात. मातीच्या भिंतींत ताग घालावा, तशी ही युक्ति आहे. तडा गेला, तर तंतु त्याला अडवितो. २०१६ सालीं प्रवासी वाहतुकींत आलेल्या “लीप” नांवाच्या विमान-एंजिनांत अति तप्त जागीं अशा पदार्थाचा भाग बसविला आहे. त्याचें वजन तेथील धातूच्या सुमारें एक तृतीयांश असतें. आपल्या देशांतही विक्रम साराभाई अवकाश केंद्रानें २०२४ सालीं अग्निबाणासाठीं कार्बन-तंतूंच्या पदार्थाचा झोत-नळा तयार केल्याचें जाहीर झालें, व त्यावर सिलिकॉन कार्बाइडचाच लेप आहे.

आणि या अद्ययावत् शाळांतही शत्रु तोच जुना आहे. पुष्कळ उष्णतेंत लोखंड किंवा निकेल सिलिकॉन कार्बाइडला भिडलें, तर त्याशीं संयोग पावून त्याला पोखरतें. एवढासा कीस उद्यांच्या भेगेचें बीज होतो. म्हणून साचे लोखंडाचे न करतां ग्रॅफाइटचे करतात, आणि पदार्थ त्यांनाही चिकटूं नये म्हणून मध्यें बोरॉन नायट्राइडचा लेप देतात. बिडाच्या साच्यांतील कोळशाच्या लेपाचा हा नातूच. कठीण झालेला भाग हिऱ्याच्या हत्यारांनीं घांसतात. धातूसाठीं वापरलेलें हत्यार या कामास लावीत नाहींत. पूड दळतांना जो पदार्थ दळावयाचा त्याच पदार्थाचे गोळे पिंपांत घालतात. म्हणजे गोळा झिजला, तरी दळणांत मिसळतें तें त्याचें स्वतःचेंच. झीज टाळतां येत नाहीं, हें मान्य करून तिचा विटाळच नाहींसा करण्याची ही युक्ति आपल्या गृहिणींना नवी वाटूं नये; दगडी खलामागें तीच दृष्टि होती.

विटाळ हा शब्द आपल्या समाजांत फार दुःखद रीतीनें वापरला गेला. माणसाच्या स्पर्शानें माणूस बाटतो, ही कल्पना कोणत्याही तराजूवर कधीं सिद्ध झाली नाहीं, व होणारही नाहीं. लोखंडी नांगरानें जमीन बाटते, ही समजूतही त्याच जातीची होती. ती मोजमापापुढें टिकली नाहीं. परंतु वाळूंतला लोखंडाचा कण मोजतां येतो, चुंबकानें काढतां येतो, आणि न काढल्यास कांच हिरवी करून आपली साक्ष देतो. किर्लोस्करवाडीनें खोट्या विटाळाची भीति घालविली. ओगलेवाडीनें खऱ्या विटाळाशीं जन्मभर झुंज घेतली. दोन्ही कामांना लागणारा गुण एकच होता. शंका आली म्हणजे ती न हंसतां ऐकून घेणें, आणि न घाबरतां तराजूंत घालणें.